आनंद वाटला की वर ये

१

पाण्याखाली श्वास कोंडून वर आलं की तोंडातून आपोआप शीळ निघते. ती कुणी शिकवत नाही आणि कुणाला टाळताही येत नाही. छातीत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पडताना वाजते, एवढंच. पण वर्षानुवर्षं एकाच समुद्रात उतरणाऱ्या बायकांना एकमेकींची शीळ बरोबर ओळखू येते. हाबोकची तिच्यासारखीच आखूड आणि भांडखोर. जंगसिमची बारीक, शेवटी दोन उड्या मारणारी. आणि जंगसिमच्या सासूची, मालन्योची, लांब, खरखरीत, मध्येच तुटून पुन्हा जुळणारी. गावातली पोरं पूर्वी तिची नक्कल करायची आणि मार खायची.

नियम साधा आहे. बुडी मारणाऱ्या प्रत्येकीला एक सोबतीण असते. सोबतिणीची शीळ वेळेवर ऐकू आली नाही, तर हातातलं टाकून तिच्यामागे खाली जायचं. मग हातात वर्षातली सगळ्यात मोठी शिंपी का असेना.

जंगसिम आणि मालन्यो चोवीस वर्षं एकमेकींच्या सोबतिणी होत्या. घरी मात्र दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एका अंगणात समोरासमोर दोन घरं, दोन चुली. बेटावर रीतच तशी आहे, आणि ती कुणी शहाण्या माणसाने घातली असावी, असं दोघींनाही वाटायचं. जंगसिमचा नवरा सांगजुन नऊ वर्षांपूर्वी ट्रकच्या अपघातात गेला, त्यानंतर अंगणात या दोघीच उरल्या. मालन्यो शहात्तर वर्षांची. किनाऱ्यालगतचं कमरेएवढं पाणी म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. त्याला आजींचा समुद्र म्हणतात आणि तरुण बाई तिथल्या शंखाला हात लावत नाही. मालन्योला कुणी तिकडे जायला सांगितलं की ती म्हणायची, "तिथे म्हाताऱ्या जातात."

फेब्रुवारीच्या अखेरीची गोष्ट. घोडाखडकाजवळ जंगसिमला ताटलीएवढी शिंपी दिसली. अशी शिंपी एका दमात सुटत नाही. तिच्याखाली लोखंडी पट्टी घालून रेटायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. तिसऱ्यांदा वर आल्यावर तिच्या मनात आलं, आईंची शीळ शेवटची कधी ऐकली?

तिने वळून पाहिलं. सासूचा नारिंगी भोपळा, दम घेताना धरायचा तरंगा, लाटांवर एकटाच डुलत होता. पूर्वी खरे भोपळे असायचे, आता फोमचे असतात, नाव तेच राहिलंय. किती वेळ झाला असेल? दोन मिनिटं? चार? शिंपीच्या नादात तिने मोजलंच नव्हतं. तिने छाती भरून घेतली, आणि ती बुडी मारणार तेवढ्यात मालन्यो वर आली.

शीळ आली नाही. मालन्यो हसत होती.

२

किनाऱ्याकडे पोहताना जंगसिम शिव्यांची वाट बघत होती. एवढ्या तेवढ्यावरून सासू तीन पिढ्यांचा उद्धार करायची, आज तर कारणही सज्जड होतं. पण खडकांवर चढेपर्यंत एक शब्द आला नाही. उलट मालन्योने सुनेचं जड जाळं आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, "दमली असशील गं."

बायका दगडी रिंगणाच्या आत शेकोटीभोवती बसल्या होत्या. वाऱ्यापासून आडोसा म्हणून काळ्या दगडांची ती गोल भिंत त्यांच्या आजेसासवांनी रचली होती.

"सामचून, तुमची पट्टी कुठाय?" हाबोकने विचारलं. या गावात वडीलधाऱ्या माणसाला सामचून म्हणतात, मग ती बाई असो की बाप्या.

मालन्योने उजवं मनगट वर केलं. पट्टीच्या मुठीला दोरीचा फास असतो, तो मनगटात घालायचा, म्हणजे पट्टी हातून निसटत नाही. सासूच्या फासावर जंगसिमने लाल चिंधी गुंडाळून दिली होती, दोरी हाताला काचते म्हणून. आता मनगट मोकळं होतं.

"राहिली खाली," मालन्यो म्हणाली आणि खदखदून हसली. "राहू दे की!"

"चाळीस वर्षांची पट्टी हरवली आणि ही बया हसतेय," हाबोक म्हणाली. "जंगसिम, सासूला सकाळी काय घातलंस खायला? आमच्याकडेही थोडं पाठव, आमच्या म्हाताऱ्याला चारते."

सगळ्या हसल्या. जंगसिमही हसली, पण तिला भलतंच काहीतरी आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी शहरातून एक डॉक्टरीणबाई व्याख्यानाला आल्या होत्या. श्वास कोंडून फार वेळ राहिलं की मेंदूला हवा पुरत नाही, त्या म्हणाल्या होत्या, आणि मग माणसाला घाबरायला होत नाही, उलट फार आनंद होतो, सगळं छान वाटतं, वर यावंसंच वाटत नाही. तेव्हा हाबोक मागून ओरडली होती, "मग आम्ही घरी अगदी सुरक्षित आहोत बाई, तिथे आनंद होईल असं काहीच नाही!" सभागृह हसून हसून लोळलं होतं. एकटी मालन्यो हसली नव्हती. तिला डॉक्टरणीची गरज नव्हती. जंगसिम नवी नवरी असताना पहिल्या बुडीआधी तिने बजावलं होतं, "भीती वाटली तर खाली थांबलीस तरी चालेल. आनंद वाटला की वर ये."

वर आल्या ना त्या, जंगसिमने स्वतःला समजावलं. वर आल्या म्हणजे झालं.

३

पुढचे पंधरा दिवस जंगसिमच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. खोटं कशाला बोला.

सकाळी सासू तिच्या दारात उभी राहायची. कधी गरम समुद्री शेवाळाचं सूप, कधी उकडलेली रताळी. चोवीस वर्षांत दोन चुलींमधलं ते वीस पावलांचं अंगण तिने वाडगं घेऊन कधी ओलांडलं नव्हतं. ती संत्र्यांच्या बागेत गुणगुणायची. शेजाऱ्याचं कुत्रं, ज्याला ती दगड मारायची, ते आता तिच्या मागे फिरायचं आणि भुंकायचं मात्र थांबायचं नाही. एकदा जंगसिम भांडी घासत असताना मालन्योने मागून येऊन तिच्या केसांवरून हात फिरवला.

"माझ्या घरात येऊन तुझं फार वाटोळं झालं ना गं?" ती प्रेमाने म्हणाली.

जंगसिमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे वाक्य ऐकायला तिने काय काय दिलं असतं! आणि ते आता असं फुकट, केसांवर हात फिरवत आलं होतं. तिने मान खाली घालून भांडी घासणं चालू ठेवलं, कारण वर बघितलं तर हुंदका फुटला असता.

मालन्यो आता स्वतःहून आजींच्या समुद्रात जायची. कमरेएवढ्या पाण्यात बसून लाटा अंगावर घ्यायची, हसायची. जाळ्यात एक शंख नसायचा. जंगसिमला सोबतीण म्हणून हाबोक मिळाली.

"म्हातारपणी काही जणींना असं होतं," हाबोक म्हणाली. "आमची मावशी शेवटी सगळ्यांना मुके द्यायची. तुझं नशीब चांगलं. गप्प बस आणि सूप पी."

जंगसिम सूप प्यायली.

४

मार्च लागला तरी थंडी हटेना. एका सकाळी शेकोटीपाशी सगळ्या बायका एकदम बोलत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. जंगसिम सहज बघत बसली. हाबोकची वाफ भराभर, टोकावर बसलेल्या आजीची बारीक. मध्ये मालन्यो डोकं मागे टाकून हसत होती, तोंड चांगलं उघडं.

तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

त्या आगीच्या अगदी जवळ बसल्यात, जंगसिमने विचार केला. तिथली हवा गरम असणार. गरम हवेत वाफ दिसत नाही. हे बरोबरच होतं, शाळकरी पोरानेही हेच सांगितलं असतं. थोड्या वेळाने तिने सासूला आपल्या जागेवर, वाऱ्याच्या तोंडाला बोलावलं आणि स्वतः आगीजवळ बसली. तिथे बसून तिने हळूच श्वास सोडला. वाफ दिसली. समोर मालन्यो हसत होती. जंगसिमने मान फिरवली आणि लाकडं सारू लागली.

त्याच दिवशी पाण्यात, घोडाखडकापासून थोडी अलीकडे, ती भोपळ्यावर हात टाकून दम घेत होती. खडकाच्या पलीकडून शीळ आली. लांब, खरखरीत. मध्येच तुटली, पुन्हा जुळली.

जंगसिमने किनाऱ्याकडे पाहिलं. आजींच्या समुद्रात मालन्यो बसली होती आणि हात हलवत होती.

"ऐकलंस?" तिने हाबोकला विचारलं.

"वारा आहे. खडकाला भोकं आहेत ना." हाबोकने उत्तर फार लवकर दिलं, आणि त्या दिवशी ती घोडाखडकाकडे पुन्हा फिरकली नाही.

वाराच असणार. पण त्या खडकाला ती भोकं काही आज पडलेली नव्हती.

५

सांगजुनच्या श्राद्धाचा दिवस आला. जंगसिमने सकाळपासून खपून ताट मांडलं: भात, भाजलेला मासा, मुळ्याची भाजी, त्याला आवडणारी तांदळाची वडी. दरवर्षी संध्याकाळी मालन्यो पोराच्या फोटोसमोर बसायची आणि असा टाहो फोडायची की शेजारी दारं लावून घ्यायचे. जंगसिमला त्याचा राग यायचा. जणू दुःख एकट्या आईलाच झालंय!

या वर्षी मालन्यो फोटोसमोर बसली आणि हसली. आधी थोडंसं, मग खांदे हलेपर्यंत.

"आई," जंगसिम म्हणाली. "आज नको."

"थांबत नाही गं," मालन्यो हसत हसत म्हणाली. "बघ ना, किती छान दिसतोय फोटोत. सगळंच छान आहे. तो गेला तेही छानच वाटतंय मला." तिने सुनेचा हात धरला. हात पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा गार होता. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता, फक्त डोळे त्या चेहऱ्यातले वाटत नव्हते. ते खोलीभर काहीतरी शोधत होते. "मी शोधते गं. रोज शोधते. माझं पोर गेल्याचं दुःख कुठे ठेवलंय, तेच सापडत नाही. नऊ वर्षं तेवढंच तर होतं माझ्याजवळ त्याचं."

"आई, त्या दिवशी खाली काय झालं होतं?"

"काही नाही. हात अडकला. मग खूप बरं वाटलं." ती पुन्हा हसू लागली आणि हसता हसता तिने सुनेचा हात घट्ट आवळला. "तू येशील म्हणून थांबले होते मी. मग थांबायचं पण विसरले. खाली राहिलंय माझं, आणून दे ना गं तेवढं. वर आलेली मी काही कामाची नाही."

जंगसिमने ताटावरचा दिवा सरळ केला. तो सरळच होता. तिला रताळी आठवली, केसांवरून फिरलेला हात आठवला. पुन्हा कुणी तिच्या केसांवरून हात फिरवणार नव्हतं. गप्प बसली असती, तर हे सगळं तिचंच होतं. कुणी विचारणार नव्हतं. पण ती शिंपी, ताटलीएवढी, तिने त्याच दिवशी विकली होती, आणि चार मिनिटांची दोन मिनिटं करून सगळ्यांना सांगितलं होतं. सोबतीण होती ती. हातातलं टाकायला हवं होतं.

"आणते," ती म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता आणि पाणी काचेसारखं. जंगसिम सरळ घोडाखडकावर गेली. हाबोक कुरकुरत वीस हात मागे थांबली. "तिथे काय ठेवलंय तुझं? लवकर ये, मी कान लावून आहे."

पहिल्या बुडीत काही दिसलं नाही. दुसऱ्या बुडीत खडकाखालची कपार सापडली. आत काळोख होता. शेवाळाची पानं एका बाजूला कलली होती, आणि प्रवाह तर दुसऱ्या बाजूला होता. ती वर आली, शीळ निघाली, दम घेतला. खडकापलीकडून उत्तर द्यावं तशी ती खरखरीत शीळ आली, आणि आज ती पाण्याखालून येत होती.

तिसऱ्यांदा तिने कपारीत हात घातला. बोटांना लोखंड लागलं. पट्टी एका शिंपीखाली पक्की अडकून बसली होती. मुठीला दोरी, दोरीवर तिने स्वतः गुंडाळलेली लाल चिंधी. फास ताणलेला होता. रिकामा फास सैल असतो. तिने बोटं पुढे नेली आणि फासाच्या आतलं मनगट तिच्या हाताला लागलं, बारीक, सुरकुतलेलं. त्या हाताने हळूच वळून तिचा अंगठा धरला.

काळोखात आणखी काय होतं, ते तिने पाहिलं नाही. एक पांढुरका चेहरा असेल, किंवा दगड असेल. ती फक्त गाठ सोडत राहिली. पाण्यात फुगलेली गाठ सुटता सुटत नाही. छाती भाजायला लागली, पोट आत ओढलं जायला लागलं. आता वर जायला हवं, ती मनाशी म्हणाली, एवढा एक पदर. कानांत ठोके पडत होते. भीती वाटत होती आणि भीती वाटणं चांगलं होतं, हे तिला आठवत होतं.

पदर निघाला. फास सैल झाला. अंगठ्यावरची पकड सुटली.

आणि तिला आनंद झाला. पायांपासून तो वर चढत आला, छातीची आग विझली. चोवीस वर्षांत असं पाणी तिने पाहिलं नव्हतं, इतकं हिरवं, आणि ते सगळं तिचं होतं. सांगजुन गेला तेही ठीक होतं. सासू कधी चांगलं बोलली नाही तेही ठीक होतं. वर जायचं असतं, असं कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं. कोणी बरं? जाऊ की, तिने विचार केला. काय घाई आहे?

७

ती वर आली तेव्हा ऊन पडलं होतं. हाबोकचा भोपळा तेवढा होता, हाबोक नव्हती. सगळ्या बायका किनाऱ्यावर गोळा झाल्या होत्या. जंगसिम आरामात पोहत गेली. अंगाला वजनच नव्हतं.

खडकावर मालन्यो ओणवी पडली होती. नाकातोंडातून पाणी जात होतं आणि हाबोक तिच्या पाठीत बुक्के घालत होती. बसल्या बसल्या त्यांना ठसका लागला, कुणीतरी सांगत होतं, सुक्या खडकावर बुडतात तशा करायला लागल्या. मग मालन्योने मोठा श्वास आत घेतला आणि तिच्या तोंडातून शीळ निघाली, लांब, खरखरीत. मध्येच तुटली, पुन्हा जुळली. शिळेच्या मागोमाग रडू फुटलं. "माझं पोर गं," ती ओरडत होती. "माझं पोर." नऊ वर्षांचं रडणं त्या काळ्या दगडांवर वाहत होतं. जंगसिमला वाटलं, किती सुंदर रडतात या.

"आणलं बघा, आई," ती हसत म्हणाली.

मालन्योने डोळे पुसले आणि सुनेकडे पाहिलं. तीच जुनी, कपाळाला आठ्या घातलेली नजर. "किती वेळ लावलास गं, मुडदे?" ती खेकसली. "शिंपी मोठी की सासू मोठी?" आणि मग ती मध्येच थांबली. "तुझी शीळ मी ऐकली नाही."

"आले की मी."

"हाबोक, हिची शीळ ऐकलीस तू?"

हाबोकचा चेहरा उतरला. "सामचून, तुम्हाला असं झालं म्हणून मी धावत इकडे... मी कान..."

मालन्यो उठली, लटपटत सुनेसमोर आली आणि तिने तिची हनुवटी धरली. तिचा हात गरम होता. "तोंड उघड. श्वास सोड."

जंगसिमने श्वास सोडला. थंडी कडाक्याची होती. हाबोकच्या तोंडासमोर वाफ होती, मालन्योच्या तोंडासमोर वाफ होती, सगळ्यांच्या होती. जंगसिमला त्या वाफा बघून गंमत वाटली आणि ती खुदकन हसली.

तेवढ्यात घोडाखडकाकडून शीळ आली. बारीक, शेवटी दोन उड्या मारणारी.

मालन्योने हनुवटी सोडली. मग ती हाबोकच्या कमरेचा, बुडी मारताना वजनासाठी बांधतात तो शिशाचा पट्टा सोडायला लागली.

"सामचून, वेड लागलंय का? आत्ता मरता मरता वाचलात!"

"पट्टा दे. काच दे. आणि तू इथेच बसून मोज, आज तरी नीट मोज." मालन्योने काच डोळ्यांवर ओढली. ती घाबरली होती, ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "सोबतीण आहे ती माझी."

जाता जाता ती जंगसिमसमोर क्षणभर थांबली. "मला माहितीय गं कसं वाटतं ते," ती हळूच म्हणाली, "थांबायचं विसरू नकोस." आणि आजींच्या समुद्रातून कमरेएवढं, छातीएवढं पाणी कापत ती खोल पाण्याकडे निघाली.

शहात्तर वर्षांची म्हातारी, या थंडीत, दुसऱ्यांदा. तिला अडवायला हवं, हे जंगसिमला कळत होतं. आपल्याला भीती वाटायला हवी, हेही कळत होतं. तिने भीती शोधून पाहिली. इथेच तर होती सकाळी.

पांढरं डोकं घोडाखडकाजवळ पाण्याखाली गेलं. हाबोक रडत रडत मोठ्याने मोजत होती. जंगसिमने शेकोटीत एक लाकूड सारलं आणि समुद्राकडे बघून हात हलवला. तिला फार बरं वाटत होतं.